लेखनखुणा आणि विभक्ती

छापखान्यात मुद्रितशोधक समासात ज्या खुणा करतो त्या जुळाऱ्यासाठी असतात. छापलेल्या पानावर त्या उरत नाहीत. विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशातील लेखनखुणांचे कार्य असेच आहे. भेद एवढाच की, येथे लेखक, मुद्रितशोधक आणि जुळारी या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीला पार पाडाव्या लागतात.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिले विकी उभारले, तेव्हा एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा देण्याची रीत विलक्षण सोपी होती. दोन शब्द जोडून लिहावयाचे आणि प्रत्येकाचे आद्याक्षर मोठे ठेवावयाचे. रोमन लिपीत हे सहज साधे. परंतु देवनागरीत मोठी व लहान अक्षरे असा भेदच नाही. २००१ साली आरंभ झालेल्या विकिपीडियाने ही रीत लवकरच सोडून दुहेरी चौकोनी कंस स्वीकारले, आणि हा दुवा कोणत्याही लिपीला खुला झाला.

मराठी लेखकापुढे मात्र आणखी एक अडचण असते, ती व्याकरणाची. ‘[[नाशिक]]ला’ असे लिहिले तर भागते. पण ‘पुणे’ या नामाला प्रत्यय लागताच त्याचे सामान्यरूप होते. ‘[[पुण्यात]]’ असे लिहिल्यास यंत्र त्याच नावाचे पान शोधते आणि ते न सापडल्यास शब्द तांबड्या अक्षरांत दाखविते. म्हणून ‘[[पुणे|पुण्यात]]’ असे लिहावे. उभ्या रेघेच्या डावीकडे पानाचे नाव, उजवीकडे वाचकाला दिसणारे रूप. आपल्या भाषेत ही रेघ वारंवार लागते. तिचा कंटाळा करू नये.

इतर खुणा थोड्याच आहेत. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन एकेरी अवतरणचिन्हे दिल्यास अक्षर तिरके होते, तीन-तीन दिल्यास ठळक. (दुहेरी अवतरणचिन्हाची एकच कळ दाबून हे साधत नाही.) मथळ्याच्या दोन्ही अंगांना बरोबरीची दोन-दोन चिन्हे येतात, एकेरी चिन्ह वापरू नये, कारण ती पातळी पानाच्या शीर्षकाची आहे.

परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत घेण्याची आपली सवय येथे नडते. ओळीच्या आरंभी एक जरी जागा मोकळी सुटली, तरी ती ओळ वेगळ्या चौकटीत जाऊन बसते. नव्या परिच्छेदासाठी मध्ये एक ओळ रिकामी सोडावी.