जुनी मोटारसायकल घेताना : आधी कागद, मग इंजिन, शेवटी रंग

कापडाच्या धंद्यात उतरलो तेव्हा उस्तादांनी पहिला धडा दिला तो चमकेपासून सावध राहण्याचा. कांजी आणि इस्त्रीने कोणतेही थान चमकते. ते उजेडाकडे धरा, ताणा-बाणा पाहा, पन्हा मोजा, कोपरा ओला करून रंग तपासा, मगच भाव बोला. हा धडा पाठ असूनही २००९ साली जुनी मोटारसायकल घेताना मी नेमकी चमकच पाहिली. नवा रंग, नवी सीट, अठरा हजार रुपये. विकणारा ओळखीचा, म्हणून कागद उघडूनही पाहिले नाहीत. चार महिन्यांनी गाडी नावावर करायला गेलो तेव्हा आरसी बुकावर बँकेचा बोजा निघाला. मूळ मालक गाव सोडून गेलेला. त्याला शोधण्यात सहा महिने गेले आणि तेवढ्यात इंजिनही खोलावे लागले. अठरा हजारांची गाडी सत्तावीस हजारांना पडली. बाजाराचे जे दिवस हुकले त्यांचा हिशेब वेगळाच.

गेल्या महिन्यात मोहल्ल्यातील एक तरुण विचारायला आला. मालेगावातून लुंग्या आणि साड्यांचे गठ्ठे घेऊन आसपासच्या आठवडी बाजारांत जाणारा. म्हणाला, "चाचा, तीस हजार जमलेत. कर्ज काढायचे नाही. कोणती गाडी घेऊ?" त्याला जे सांगितले तेच येथे मांडतो. अशा माणसाची गाडी बंद पडली की बाजार बुडतो आणि बाजार बुडाला की घरचा चुलाही अडतो.

रकमेचे चार भाग करा

हातात तीस हजार असतील तर तीस हजारांची गाडी पाहायला जाऊच नका. रकमेचे चार भाग करा. तीन भाग, म्हणजे साडेबावीस हजार, गाडीला. उरलेले साडेसात हजार नावबदल, विमा, नंबर प्लेट, ऑइल आणि टायर किंवा चेनसेट यांना. जुन्या गाडीची किंमत हा खर्चाचा पहिला आकडा असतो, शेवटचा नसतो. हा चौथा भाग ज्याने आधीच गाडीत घातला, तो पहिल्याच दुरुस्तीला उधारी करतो.

कोणती गाडी?

ज्या गाडीचे सामान तालुक्याच्या दुकानात मिळते आणि जी रस्त्यावरचा कोणताही मिस्त्री खोलू शकतो, ती आपली गाडी. स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे. २०११ मध्ये कंपनीचे नाव हिरो होंडाचे हिरो मोटोकॉर्प झाले, गाडी चालूच राहिली. तिचे ९७.२ सीसीचे इंजिन गावोगावच्या मिस्त्रींच्या हातात बसलेले आहे. पॅशन, बजाजची सीटी १०० आणि प्लॅटिना याही त्याच जातीच्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि या वर्गातल्या नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. त्याआधीच्या कार्ब्युरेटरच्या गाडीची दुरुस्ती सोपी आणि स्वस्त असते.

आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीचा मोह टाळावा. तिचे भाव शौकिनांनी चढवले आहेत, शिवाय पेट्रोलबरोबर टू-टी ऑइलचा खर्च वेगळा. शौकाची गाडी आणि रोजीची गाडी एक नसते.

कागदपत्रे

गाडीला हात लावण्यापूर्वी कागद मागा.

१) आरसीवरील चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर-अक्षर जुळवा. चॅसिस नंबर बहुधा हँडलखालच्या गळ्यावर असतो. तेथे घासलेले, ठोकलेले किंवा नव्याने रंगवलेले दिसले तर सलाम करून परत फिरा.

२) आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का ते पाहा. असेल तर कर्ज फिटल्याचे पत्र आणि नमुना ३५ विक्रेत्याने द्यायला हवा. गाडी दुसऱ्या राज्यातील असेल तर तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्रही, म्हणजे नमुना २८, लागते.

३) पहिल्या नोंदणीची तारीख पाहा. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. २०१२ ची गाडी घेतली तर २०२७ मध्ये तपासणी करून नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी वाढवावी लागेल. हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १००० रुपये झाले. त्यानंतरही शुल्के बदलली आहेत, म्हणून आजचा आकडा आरटीओत विचारावा. महाराष्ट्रात यावर पर्यावरण कर वेगळा. ज्या गाडीचे पंधरावे वर्ष जवळ आले आहे तिच्या भावातून हा खर्च वजा करून घ्या.

४) विमा चालू आहे का, थकीत ई-चलान किती, आणि गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, हे पाहा. यातील बहुतेक गोष्टी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर घालून पाच मिनिटांत कळतात. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाला बसवा.

थंड इंजिन, दिवसाचा उजेड

गाडी सकाळी पाहा आणि विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नको. पोहोचताच इंजिनला हात लावा. गरम लागले तर काहीतरी झाकले जात आहे असे समजा आणि दुसऱ्या दिवशी या.

थंड इंजिन दोन-चार किकांत सुरू व्हावे. सायलेन्सरमधून निळसर धूर येऊन थांबतच नसेल तर इंजिन ऑइल खात आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले गेलेली असतात आणि बोअरचे काम निघू शकते. काळा धूर असेल तर एअर फिल्टर किंवा कार्ब्युरेटर पाहावा लागतो, तो खर्च लहान. इंजिनखालची जमीनही पाहा, तेलाचा डाग खोटे बोलत नाही.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका, केबल काढली की मीटर थांबते. पायदानाचे रबर, किकचे रबर आणि ब्रेकचे पॅडल किती झिजले आहे ते पाहा.

मागच्या चक्रावरची चेन पाठीमागून ओढा. ती अर्धा दात उचलली जात असेल तर चेनसेट संपला. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यभागी खाच लागल्यासारखे अडले तर कोनसेट गेला. मागचे चाक आडवे हलवा. खडखडले तर चिमट्याचे बुश किंवा बेअरिंग. टायरवर चार आकडी शिक्का असतो. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी फार जुने रबर भेगाळते.

पेट्रोलच्या टाकीत टॉर्च मारून गंज पाहा. काडी पेटवून कधीही पाहू नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, म्हणून त्या तपासून गरज पडल्यास बदलाव्यात. त्याला मोठा खर्च नाही.

शेवटी मागे एक माणूस बसवून चढावर चालवा. इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेटा झिजल्या. ज्याला गठ्ठे न्यायचे आहेत त्याने रिकामी गाडी फिरवून निर्णय घेऊ नये. आपला मिस्त्री सोबत न्या आणि त्याला त्याची मजुरी द्या. ही मजुरी नफ्यातच जमा होते.

सौदा

जे दोष निघाले त्यांचा खर्च मिस्त्रीकडून कागदावर मांडून घ्या आणि तोच कागद पुढे ठेवून भाव बोला. पूर्ण रक्कम देतानाच नमुना २९ आणि नमुना ३० वर सह्या घ्या. विक्रेत्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवावे, घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून घ्यावे आणि विमाही आपल्या नावावर करून घ्यावा, असा कायदा आहे. "नंतर करू" हे दोन शब्द ऐकू नका.

गाडी विकणाऱ्यांनाही हेच लागू. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात निकाल दिला की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो.

त्या तरुणाने तीन गाड्या सोडल्या. चौथी घेतली ती एकवीस हजारांची. टाकीवर ओरखडा, सीट फाटकी, पण कागद साफ आणि इंजिन कोरडे. सीटवर त्याने आपल्याच गठ्ठ्यातले कापड शिवून घेतले. परवा बाजाराहून दिवस मावळायच्या आत परतला.