मोटारीवरून साल, सालावरून माणूस

टेंभुर्णीच्या नाक्यावर गॅरेज असले की पुणे-सोलापूर रस्त्यावर बंद पडलेली वाहने येणारच. माझ्याकडे गेली काही वर्षे जुने फोटोही येतात. ‘ही मोटार कोणती आणि कधीची, तेवढं सांगा’ एवढीच मागणी असते. पण एका घराण्याच्या स्मरणिकेचे जे झाले, ते पाहिल्यापासून ‘कधीची’ या शब्दाला मी पटकन उत्तर देत नाही.

पंचक्रोशीतल्या त्या घराण्याने काकांच्या अमृतमहोत्सवाला स्मरणिका काढली. पहिल्याच पानावर फेटा आणि लांब कोटातले एक गृहस्थ, उघड्या मोटारीच्या मडगार्डवर हात ठेवून उभे. खाली ओळ : ‘आजोबा व त्यांची फोर्ड, सन १९१९’. आतल्या पानावर वंशावळ, तीत आजोबांचे निधन १९२४ साली. छापून, वाटून झाल्यावर एक प्रत माझ्याकडे आली. मोटारीच्या पुढच्या चाकांच्या आत ब्रेकचे ड्रम दिसत होते. मॉडेल टी फोर्ड १९०८ ते १९२७ बनत होती आणि कारखान्यातून ती पुढच्या ब्रेकची कधीच निघाली नाही. मूळ फोटो मागवून भिंग लावले, तर रेडिएटरवर शेव्हरोलेचे बो-टायसारखे चिन्ह! शेव्हरोलेला चारही चाकांना ब्रेक आले ते १९२८ च्या मॉडेलपासून. त्याच वर्षी शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. म्हणजे मडगार्डवर हात ठेवणारे आजोबा असणे शक्यच नव्हते. ते त्यांचे थोरले चिरंजीव. घरातल्या नव्वदीच्या आजी पहिल्यापासून सांगत होत्या, ‘अरे, हे थोरले मामंजी.’ पण इंटरनेटवरून साल शोधून आणणाऱ्या नातवंडांपुढे त्यांचे कोण ऐकणार?

घोटाळा मोबाइलमध्ये झाला होता. फोटो पुसट, म्हणून पुतण्याने तो ॲपमधून ‘स्वच्छ’ केला, रंगवला. ॲपला जिथे काही दिसत नाही तिथे ते मनाने भरते. बो-टायच्या जागी लंबगोल उमटला, नंबर प्लेटवर अक्षरांसारखे काहीतरी आले आणि लंबगोल म्हणजे फोर्ड असे ठरले. तेव्हा पहिली गोष्ट ही, की मूळ फोटो स्कॅन करा, निदान ६०० डीपीआयला, आणि ओळख पटवायची ती त्यावरूनच. व्हॉट्सॲपवर आलेली प्रत चालत नाही. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट तिरक्या उजेडात टिपा. मागची बाजू, कार्डावरचे स्टुडिओचे नाव, पेन्सिलीने लिहिलेले काही, तेही टिपा.

मोटार पाहायची ती पुढून. टप, दारे, मागचा सांगाडा यांवर जाऊ नका. आपल्याकडे नुसती चासी घेऊन त्यावर सुतार-लोहारांकडून बॉडी चढवून घेत, एकाच बनावटीची गाडी कुठे लॉरी होई तर कुठे सर्व्हिस मोटार. रेडिएटरचा आकार, बॉनेट, दिवे, चाकांचे आरे आणि पुढचा स्प्रिंगचा पाटा मात्र सहसा कंपनीचेच राहतात. फोर्डचा पुढचा पाटा आक्साला समांतर, आडवा एकच असतो. त्या काळच्या बहुतेक इतर गाड्यांना लांबीच्या दिशेने दोन. मॉडेल टीचा रेडिएटर चकचकीत पितळी असेल तर गाडी १९१६ पर्यंतची, काळा असेल तर बहुधा पुढची. पुढे ड्रम आणि तारांच्या आऱ्यांची चाके असलेली फोर्ड ही मॉडेल ए किंवा त्यापुढची, म्हणजे डिसेंबर १९२७ नंतरची. भंगारातून आणलेला रेडिएटर बसवणारे कारागीर तेव्हाही होतेच, म्हणून एका खुणेवर भरवसा टाकू नये.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी शिकल्या-सवरल्या माणसांकडूनही होताना पाहतो. मोटारीचे साल म्हणजे फोटोचे साल नव्हे. १९२८ ची गाडी आपल्या रस्त्यांवर वीस-वीस वर्षे पळत असे. मोटार फक्त सर्वांत आधीची मर्यादा सांगते, की फोटो यापूर्वीचा नाही. नंतर कितीही. त्यापुढचा नेमका काळ दुसऱ्या खुणांवरून काढावा लागतो. मागे उभे पिंप आणि नळ्या दिसल्या तर ती कोळशावर चालणारी मोटार, दुसऱ्या महायुद्धातल्या पेट्रोलटंचाईतली. प्लेटवर तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे क्रमांक असेल तर १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. ‘एमएच’ आणि पुढे जिल्ह्याचा आकडा १९८९ पासूनचा. तो दिसला तर जुनी गाडी हौसेने जपलेली आहे.

स्टेअरिंग डावीकडे दिसले की लोक ‘परदेशातला फोटो’ म्हणतात. आधी कोट पाहा. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर असते. उजवी वर दिसली तर निगेटिव्ह उलटी ठेवून छापली. आपल्याकडच्या फोर्ड बहुतेक कॅनडातून, उजव्या स्टेअरिंगच्या येत.

माणूस कोण हे मोटारीला विचारण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि सालाचा अंदाज त्यांच्यापुढे मांडू नका. मांडला की त्या ‘असेल बाबा’ म्हणतात आणि साक्ष संपते. फोटोखाली ‘सन १९२९’ ऐवजी ‘१९२८ नंतर’ असेच लिहा, आणि ‘त्यांची मोटार’ हे कागद असल्याशिवाय लिहू नका. मोटारीजवळ उभे राहून फोटो काढून घेणे ही तेव्हा हौसच होती. यात्रेतल्या स्टुडिओत तर रंगवलेली मोटार तयारच असे. परवा करमाळ्याकडचे एक गृहस्थ असाच फोटो घेऊन आले. पणजोबा स्टेअरिंगवर, पणजी शेजारी. मॉडेल कोणते, म्हणून विचारत होते. चाकांखाली सतरंजीची घडी होती आणि मडगार्डला जाडीच नव्हती. म्हटले, ‘भाऊ, ही प्लायवूडची.’ ते म्हणाले, ‘ते राहू द्या, कंपनी कोणती?’