मांजराचा मधुमेह : रक्तशर्करेची घरगुती तपासणी

मधुमेह हा केवळ मनुष्याचा विकार आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पाळीव मांजरांनाही तो जडतो. उतारवयाच्या, स्थूल आणि खच्ची केलेल्या बोक्यांत तो विशेषेकरून आढळतो. मांजर वारंवार पाणी पिऊ लागते, मूत्राचे प्रमाण वाढते आणि खाणे चांगले असूनही अंग झडते. टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी शोधून काढलेले इन्शुलिन मांजरांनाही लागू पडते. ते बहुधा दर बारा तासांनी टोचावे लागते.

खरी अडचण मात्रा ठरविण्याची आहे. दवाखान्यात आणलेले मांजर प्रवासाने, कुत्र्यांच्या वासाने व अनोळखी हातांनी भेदरलेले असते. भीतीमुळे स्रवणारी संप्रेरके रक्तातील साखर एकाएकी वाढवितात. निरोगी मांजराच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ८० ते १२० मिलिग्रॅम साखर असते; परंतु भेदरलेल्या निरोगी मांजरातही हा आकडा ३०० च्या वर जाऊ शकतो. त्यावर विसंबून मात्रा वाढविल्यास घरी शांत झालेल्या मांजराला ती जादा होते आणि साखर उतरून ते काही तासांत दगावू शकते. म्हणूनच घरी घेतलेली नोंद अधिक विश्वसनीय होय.

कानाच्या कडेलगत एक बारीक शीर असते. कोमट पाण्यात पिळलेले फडके कानावर थोडा वेळ धरावे, कानामागे कापसाचा बोळा ठेवून कडेला सुई टोचावी, थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीस लावावा व जागा दाबून धरावी. लगेच आवडीचा घास द्यावा. आरंभीचे काही दिवस नुसता कान हाताळून सवय लावणे इष्ट. मर्जीविरुद्ध मांजराकडून काही करवून घेता येत नाही, हे पाळणाऱ्यांस सांगावयास नको. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर प्रत्यक्षापेक्षा बहुधा कमी दाखवितो, म्हणून प्राण्यांसाठी बनविलेला मीटर मिळाल्यास उत्तम.

प्रत्येक इंजेक्शनापूर्वीचा आकडा, वेळ, मात्रा व आहार वहीत लिहावा. पशुवैद्यकांनी सांगितल्यास बारा तासांत दर दोन तासांनी तपासणी करावी. साखर केव्हा व किती खाली उतरते, ते त्यातून कळते. एका आकड्यावरून मात्रा स्वतः बदलू नये. मात्र इंजेक्शनापूर्वीच साखर निरोगी मांजराइतकी उतरलेली असल्यास विचारल्यावाचून इन्शुलिन देऊ नये. सिरिंजही पारखून घ्यावी. १०० युनिटांचे इन्शुलिन ४० युनिटांच्या सिरिंजने मोजल्यास अडीचपट मात्रा जाते.

साखर ६० च्या खाली गेली, मांजर झोकांड्या खाऊ लागले किंवा झटके आले, तर हिरड्यांना मध अथवा साखरेचा पाक चोळावा व तत्काळ पशुवैद्यकांना गाठावे. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये.

मांजर मूलतः मांसाहारी आहे. आपल्याकडील दूधभात त्याला मानवतोच असे नाही. वेळीच उपचार सुरू झाले व आहारातील पिष्टमय पदार्थ घटविले, तर काही मांजरांचे इन्शुलिन कालांतराने बंदही होते. आहार पालटताच इन्शुलिनची गरज घटू लागते, म्हणून त्या दिवसांत तपासणी अधिक वेळा करावी लागते.