माशी घासण्याआधी

जुन्या पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हरची गोळी नेमाच्या खाली लागते, असं चारचौघांत बोलून पाहा. कुणीतरी लगेच सांगेल, "माशी थोडी घासून घ्या." सल्ला तसा खोटा नाही. नळीच्या टोकावरची माशी बुटकी झाली की गोळी वर चढते. पण गोळी खाली का लागते, हे कानशीला कळत नाही आणि घासलेलं पोलाद परत येत नाही. आमच्या घरातल्या रिव्हॉल्व्हरने हा धडा बराच खर्च करून शिकवला. ज्यांच्या घरी असं जुनं शस्त्र आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

चौलला आमची नारळ-पोफळीची वाडी. काकांकडे अमेरिकी बनावटीचं, नऊ गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं. "गोळी चार बोटं खाली जाते," ही त्यांची कायमची तक्रार. शेवटी ओळखीच्या एका कारागिराने माशी घासून दिली आणि तक्रार मिटली. पुढे वारसाहक्काने ते माझ्या नावावर झालं. रेंजवरच्या प्रशिक्षकांनी मला मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवायला लावलं, घोडा अंगठ्याने मागे ओढून हलक्या चापावर गोळ्या झाडायला लावल्या. गोळ्या एकमेकींना खेटून लागल्या, पण मध्यापासून सात-आठ सेंटिमीटर वर! मग घोडा न ओढता, नुसता चाप दाबून झाडल्या, तर त्या पसरल्या, पण मध्याच्या आसपास.

उलगडा तिथेच झाला. नुसत्या चापावर झाडताना तोच चाप घोडा उचलतो आणि सिलिंडरही फिरवतो. त्यामुळे तो जड लागतो, मूठ आवळली जाते आणि नळीचं तोंड खाली झुकतं. काका नेहमी तसेच झाडायचे. रिव्हॉल्व्हर मुळात ठीक होतं. काकांच्या हाताचा दोष कारागिराने माशीत कायमचा कोरून ठेवला होता.

किती घासलं की किती फरक पडतो, याचा हिशेब सोपा आहे. मागची खाच आणि पुढची माशी यांतलं अंतर १५ सेंटिमीटर धरा आणि टार्गेटचा पेपर १० मीटरवर. १० मीटर म्हणजे त्या अंतराच्या सुमारे ६७ पट. म्हणजे माशी १ मिलिमीटर कमी झाली की गोळी जवळपास पावणेसात सेंटिमीटर वर जाते. कानशीचे चार हात जास्त पडले तरी नेम हुकला. उलट, गोळी वर लागत असेल तर माशी उंच करावी लागते आणि ते काम घासण्याहून कितीतरी अवघड. बाजूचा नियमही लक्षात ठेवा: मागची खाच सरकत असेल तर गोळी जिकडे न्यायची तिकडे ती सरकवायची, माशी मात्र उलट दिशेला. जुन्या रिव्हॉल्व्हरची खाच बहुधा वरच्या पट्टीतच कोरलेली असते, ती सरकत नाही.

म्हणून आधी तपासणी. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची दोनदा खात्री करून नळी स्वच्छ करा. सिलिंडरला लागून असलेल्या नळीच्या तोंडाशी शिशाचा थर साचतो, तो काढा. सिलिंडरच्या भोकांच्या कडा बोटाने चाचपून पाहा. या काडतुसात ठिणगीची दारू बुडाच्या काठात असते आणि पिन त्या काठावरच आपटते. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप उगाच दाबत राहिलं की तीच पिन भोकाच्या कडेवर बसते आणि तिथे खाचा पडतात. मग काडतूस नीट बसत नाही, बार फुसका जातो. तशा खाचा दिसल्या तर नेमाची चर्चा नंतर.

माशीचा निळसर मुलामा उडाला असेल तर ती उन्हात चकाकते आणि डोळा फसतो. शस्त्र रिकामं आणि काडतुसं लांब ठेवून माशीवर कापराची काजळी धरा. कित्येकांची तक्रार एवढ्यानेच मिटते.

त्यानंतर पेपर. टेकू घेऊन, घोडा ओढून, शांतपणे झाडा. सिलिंडरच्या भोकांना खडूने क्रमांक द्या. एकाच भोकाची गोळी दर वेळी बाकीच्यांपासून वेगळी लागत असेल तर दोष माशीत नाही, सिलिंडरमध्ये आहे. दोन-तीन प्रकारची काडतुसं वापरून पाहा. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं, ते याच पॉइंट टू-टूवर. त्या पातळीवरचे नेमबाज काडतुसांचा लॉटसुद्धा आपल्या रायफलवर पारखून घेतात. शेवटी दुसऱ्या एखाद्या अनुभवी नेमबाजाला झाडायला सांगा. त्याच्याही गोळ्या तिथेच, एका पुंजक्यात लागल्या, तरच माशीकडे वळा.

आणि वळाल तेव्हा कानस स्वतः हातात घेऊ नका. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे व्यवसाय म्हणून शस्त्रदुरुस्ती करायला परवाना लागतो. ओळखीचा फिटर कितीही हुशार असो, त्याच्याकडे शस्त्र देऊ नका. परवानाधारक कारागिराला टार्गेटचा पेपर दाखवा, थोडंसंच घासायला सांगा, पुन्हा झाडून पाहा आणि मध्याच्या किंचित खालीच थांबा. चाचणी रेंजवरच करा. वाडीत नारळाला पेपर टांगून नेम धरणं म्हणजे जिवाशी आणि परवान्याशी खेळ.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करायची वेळ आली तर आधी तेलाचा हात द्या, पावती घ्या आणि परत आल्यावर पुन्हा नळी पाहा. परदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकातच जवळजवळ बंद झाली, त्यामुळे सुटा भाग मिळणं दुर्मीळ.

वारसांना एक सांगणं. परवानाधारक गेल्यावर शस्त्र कपाटात पडू देऊ नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार वारस म्हणून अर्ज करा. परवानाधारकाने सत्तरी गाठली असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल, तर त्याच्या हयातीतही हा अर्ज करता येतो. तो तेव्हाच करा. शस्त्राच्या खोडी आणि कुणी कुठे कानस चालवली, हे सांगणारा माणूस तोवर घरात असतो.