परीक्षण लिहिणाऱ्या भाचीस

प्रिय भाचेबाई,


तू पाठवलेले लेख सावकाश वाचले. भाषा तुझी चांगली आहे आणि मला धास्ती तिचीच वाटते. शब्द हाताशी असले की माणूस पडद्याकडे बघायचा कंटाळा करतो.

रविवार पुरवणीत इतकी वर्षं चित्रपट परीक्षणं तपासली, की त्यांचा शेवटचा परिच्छेद मी न वाचता म्हणून दाखवेन. कलाकारांनी आपापल्या भूमिका चोख बजावल्या आहेत, छायाचित्रण नेत्रसुखद, संगीत श्रवणीय, मध्यंतरानंतर पकड सैल होते, तरी दिग्दर्शकाचा प्रयत्न स्तुत्य. हे सिनेमा न बघताही लिहिता येतं. (काहींनी लिहिलं असावं असा माझा दाट संशय आहे.) तुझ्याकडे ही वाक्यं नाहीत, पण त्यांच्या जागी 'लेयर्ड पात्रं' आणि 'अस्वस्थ करणारा अनुभव' येऊन बसलेत. फरक फारसा नाही.

'कोर्ट'वरचा लेख घे. सिनेमा 'संथ पण वास्तववादी' आहे, असं लिहून तू पुढे गेलीस. अगं, संथ म्हणजे पडद्यावर नेमकं काय होतं? कॅमेरा खोलीत मागे सरून उभा राहतो आणि बहुतेक वेळ हलतच नाही. सरकारी वकीलबाई कायद्यातले उतारे एका सुरात वाचत राहतात आणि आपल्याला ते ऐकावे लागतात. साक्षीदार बोलतो लांबलचक, न्यायाधीश त्यातलं आपल्याला हवं तेवढं टंकलेखकाला सांगतात आणि नोंद होते ती तेवढ्याचीच. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईचं प्रकरण पुढे ढकललं जातं. एका लोकशाहिराचं आयुष्य मध्येच अडकून पडलंय आणि खोलीत कुणालाच घाई नाही. शेवटी सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. सिनेमा संपला असं वाटून प्रेक्षक चपला शोधायला लागतात, तर पुढे न्यायाधीशसाहेबांची सहल सुरू! चैतन्य ताम्हाणेंनी हा वेग जाणूनबुजून निवडलाय. तो पटला नाही तर तसं खुशाल लिही, पण आधी मला त्या खोलीत नेऊन बसव. वकीलबाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, याचा तुझ्या लेखात उल्लेखच नाही. माझ्या मते सिनेमाचा अर्धा जीव तिथे आहे.

कथानक सांगण्यात तू निम्मी जागा घालवतेस. चार ओळी पुरे. स्टार किती द्यायचे यावर डोकं शिणवू नकोस. संपादक मागतात म्हणून द्यायचे आणि विसरायचे.

'मराठी सिनेमा आहे, जरा सांभाळून घ्या' असं सांगणारे मात्र तुला जागोजागी भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. प्रभातच्या 'संत तुकाराम'ची व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली दखल घेतली गेली, 'कोर्ट'नं २०१४ साली तिथेच पुरस्कार मिळवला. अशा सिनेमाला ग्रेस मार्क कशाला? सांभाळून घेण्यामागे पुष्कळदा दुसरंच काही असतं. पुण्या-मुंबईचं हे जग मूठभर आहे. आज ज्याच्यावर लिहिशील तो उद्या कुणाच्या तरी लग्नात शेजारच्या पानावर जेवायला बसलेला असतो. म्हणून जमेल तेव्हा स्वतःच्या पैशांनी तिकीट काढ आणि गर्दीच्या खेळाला बस. प्रेस शोला जो तो आधी शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग हसायचं की नाही ते ठरवतो. नोकरी अर्थातच सोडायची नाही. परीक्षणाच्या मानधनात तिकीट आणि रिक्षाभाडं सुटलं तरी पुष्कळ.

अरुण खोपकरांचं 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' तुझ्या आईबरोबर पाठवतेय. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, पण त्यासाठी वाचू नकोस. प्रकाश, चेहरा, गाण्याचं चित्रीकरण यांबद्दल मराठीत किती नेमकं लिहिता येतं, ते बघ. मैत्रिणींना देऊ नकोस, माझी पुस्तकं परत येत नाहीत. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं ग्रंथालयही तुझ्या घरापासून लांब नाही.

आता एक काम. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि नायक जब्याचं सगळं घर जागच्या जागी थांबतं. तेवढाच प्रसंग दोन-तीनदा बघ. कोण कुठे उभं आहे, डुक्कर काय करतं, कॅमेरा किती लांब आहे, आवाज कुठून येतो, एवढंच दोनशे शब्दांत लिहून पाठव. विशेषण एकही नको. 'सामाजिक भाष्य' असं कुठे लिहिलंस तर लाल पेनाने खोडून परत पाठवेन.

गणपतीच्या आत आलं तर बरं, नंतर माझ्याकडे पाहुण्यांची वर्दळ असते.

तुझी,
मावशी