भाड्याचे घर : उत्पन्न आणि दुरुस्ती

आयुष्यभराची बचत एखाद्या घरात गुंतवावी, ते भाड्याने द्यावे आणि उतारवयात त्या उत्पन्नाचा आधार व्हावा, ही इच्छा नोकरदार वर्गात सर्वत्र आढळते. तालुक्याच्या गावी बदलून येणारे शिक्षक, परिचारिका व इतर कर्मचारी यांनाही अशा घरांची गरज असतेच. मात्र घर घेताना जेवढा विचार केला जातो, तेवढा ते टिकविण्याचा केला जात नाही. हाती येणारे भाडे म्हणजे सर्वस्वी उत्पन्न नव्हे. त्यातील काही वाटा घराच्या दुरुस्तीचा असतो.

मुंबईचा अनुभव

हा वाटा नाहीसा झाला म्हणजे काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तेथील भाडी मुख्यतः १९४० च्या पातळीवर स्थिर केली. टंचाईच्या त्या काळात भाडेकरूंना संरक्षण देणे आवश्यकच होते. परंतु पुढे साहित्य व मजुरीचे दर वाढत गेले आणि भाडे होते तेथेच राहिले. घरमालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली. जुन्या चाळी मोडकळीस आल्या, काही कोसळल्या व माणसे दगावली. अखेर १९६९ मध्ये कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसविण्यात आला व त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापन करण्यात आले. भाडी अशी गोठवून ठेवणे वाजवी नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याची मुभा दिली.

खरा हिशेब

समजा, मुद्रांक शुल्क व नोंदणी धरून एक घर १२ लाख रुपयांस पडले आणि भाड्याने देण्याजोगे करण्यास आणखी १ लाख रुपये लागले. दरमहा ५ हजारांप्रमाणे वर्षाचे भाडे ६० हजार होते. त्यातून एक महिना घर रिकामे राहिल्याचे ५ हजार, स्थानिक कराचे ४ हजार व दुरुस्तीसाठी १० हजार वजा केल्यास ४१ हजार उरतात. म्हणजे १३ लाखांवर परतावा ३ टक्क्यांहून किंचितच अधिक पडतो, आयकर वेगळा. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तथापि कर्जाचा हप्ता केवळ भाड्यातून भागेल, ही अपेक्षा किती जपून करावी, हे त्यांवरून ध्यानात येईल.

दुरुस्तीचा क्रम

रंगरंगोटीने घर लवकर भाड्याने जाते, पण टिकत नाही. पहिले लक्ष पाण्याकडे द्यावे. गच्चीचा उतार, कौले, पन्हळी, न्हाणीघरातील गळती व भिंतीत रुजलेली पिंपळाची रोपे यांचा बंदोबस्त पावसाळ्यापूर्वीच करावा. ओल मुरली की स्लॅबमधील लोखंड गंजते. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतालचे काँक्रीट सुटू लागते. अशा जागी नुसता गिलावा करणे म्हणजे दुखणे झाकणे होय. सुटे काँक्रीट काढून, सळ्या स्वच्छ करून जाणकाराच्या देखरेखीखाली काम करावे. चुन्यामातीच्या जुन्या भिंतींना चुन्याचाच गिलावा मानवतो. सिमेंटने आतील ओल कोंडते. अभियंत्याच्या सल्ल्याविना कोणतीही भिंत पाडू नये. महानगरपालिका क्षेत्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे.

त्यानंतर विजेची जोडणी तपासावी. अर्थिंग नीट असावे व गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवावे. रंग सर्वांत शेवटी द्यावा.

लेखी करार

कायदा लागू असलेल्या क्षेत्रात भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. भाड्याची पावती देणेही बंधनकारक आहे. विरुद्ध करार नसल्यास घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य होय. त्याने टाळाटाळ केल्यास भाडेकरूला किमान १५ दिवसांची नोटीस देऊन, त्यानंतर वाजवी मुदतीत काम न झाल्यास स्वतः दुरुस्ती करता येते व तो खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक नसावी. भांडण झाले म्हणून पाणी वा वीज तोडण्याचा अधिकार मालकाला नाही. कोणती दुरुस्ती कोणी करावयाची, हे करारातच स्पष्ट लिहिल्यास बहुतेक तंटे टळतात.

हाच हिशेब ग्रामपंचायतीच्या मालकीच्या गाळ्यांनाही लागू पडतो. गाळ्यांच्या भाड्यातील ठरावीक भाग दुरुस्तीसाठी दरवर्षी राखून ठेवण्याचा ठराव केल्यास गळणाऱ्या छपरासाठी पुढील अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही.