आई बाजाराला निघाली

माझ्या आईचं वय 84. उभा जन्म तिनं बाजार केला. कुणाची मेथी कोवळी, कोणता दुकानदार मापात मारतो, हे तिला तोंडपाठ. मी मुख्याध्यापक झालो, तरी भाव करायला ती पुढं आणि पिशवी धरायला मी मागं, असंच चालायचं.

काही वर्षांमागं आम्ही सांगलीला बहिणीकडं गेलो होतो. एका दुकानात मी डाळीचे पैसे देत होतो. तेवढ्यात आईनं साबणाची वडी उचलली आणि पिशवीत टाकली. दुकानातल्या पोऱ्यानं ते पाहिलं.

"आजी, पैसे?"

"दिलं की मघाशी," आई म्हणाली.

पैसे दिले नव्हते. दुकानदार ओरडला. चार माणसं जमली. कुणीतरी 'चोर' असा शब्द काढला. आणि मी काय केलं? मीही तिच्यावरच ओरडलो. "काय हे आई! लाज आणलीस!" ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आपण काय केलं, हे तिला कळलंच नव्हतं. मुलं शिकवण्यात माझा जन्म गेला. पण आई आजारी आहे, हे मला त्या दिवशी ओळखता आलं नाही.

या आजाराला स्मृतिभ्रंश म्हणतात. स्मृती म्हणजे आठवण. यात मेंदू हळूहळू झिजतो. जुनं आठवतं, पण सकाळचं दुपारी आठवत नाही. हिशेब चुकतो. ओळखीची वाट चुकते. याचे प्रकार पुष्कळ आहेत. सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराला अल्झायमर म्हणतात. 1906 साली जर्मनीत अलॉइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी एका बाईच्या मेंदूतले बदल प्रथम मांडले. त्यांचंच नाव त्याला पडलं. आपल्या देशात 2023 साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सुमारे 7 जणांना स्मृतिभ्रंश दिसला. म्हणजे देशात अशी 88 लाख माणसं. तेव्हा आपल्या गावातही दोन-चार असणारच.

हे वेड नव्हे. ही करणी नव्हे. म्हातारपणाचं सोंग तर नव्हेच नव्हे. देवऋषाकडं जाऊ नका, डॉक्टरांकडं जा. कारण थायरॉईडचं दुखणं, बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी यांनीही विसरायला होतं, आणि ते औषधानं सुधारू शकतं. खऱ्या स्मृतिभ्रंशाला मात्र तो मुळापासून बरा करील असं औषध अजून नाही.

मग आईचा बाजार बंद करावा का? आमच्या घरात सगळे म्हणाले, "करा बंद. कशाला तमाशा?" मला ते पटलं नाही. बाजार बंद झाला तर आई भिंतीकडं तोंड करून बसेल. चालणं, बोलणं, भाजी पारखणं, यात तिचा जीव आहे. मेथीची जुडी हातात घेतली की तिची बोटं अजून बरोबर चालतात. म्हणून बाजार चालू ठेवला. आमची रीत मात्र बदलली.

आता आम्ही सकाळी लवकर निघतो. तेव्हा गर्दी कमी, ऊन कमी आणि आईचं डोकं ताजं. तिन्हीसांजेला अशा माणसांचा गोंधळ वाढतो. निघण्यापूर्वी लघवीला जाऊन यायचं, चष्मा घालायचा, पाण्याची बाटली घ्यायची. दुकानं दोनच, आणि तीही ओळखीची. पूर्वी मी एका फेरीत दहा कामं उरकायचो. ते आता सोडलं.

दुकानदाराला मी आधी एकटा भेटून सांगून ठेवलं आहे. "आई काही उचलून पिशवीत टाकील. ओरडू नका. मला खूण करा, मी पैसे देतो." बहुतेक दुकानदार समजून घेतात. त्यांच्याही घरी म्हातारी माणसं असतातच.

पैशांचं काय? आईजवळ आम्ही दहा-दहाच्या चार-पाच नोटा ठेवतो. हातात पैसा असला की माणसाला मान वाटतो. मोठी रक्कम माझ्याकडं असते. नोटांचे रंग अलीकडं बदलले, आणि पुष्कळ लोक मोबाईल दाखवून पैसे देतात. आईला वाटतं, हे फुकट नेतात की काय!

एकदा ती दुकानदाराला म्हणाली, "आठ आण्याची साखर दे." पोरं हसली. यात हसण्यासारखं काय आहे? 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 पैसे झाले. त्याआधी रुपयाचे 16 आणे होते. शेर जाऊन किलो आला तो 1958 पासून हळूहळू. आई आणे मोजायला शिकली ते लहानपणी. नवं पुसलं गेलं आणि खालचं जुनं वर आलं, एवढंच. आता मी तिला "आणे गेले, आई" असं सांगत बसत नाही. "देतोय बघ तो," म्हणतो आणि अर्धा किलो साखर घेतो. "आठवत नाही का? आत्ताच सांगितलं ना?" हे दोन प्रश्न आमच्या घरात बंद आहेत. त्यांनी आठवण येत नाही, रडू मात्र येतं.

साताऱ्यात एकदा खण आळीत खण घ्यायला गेलो होतो. मोती चौकात माझा हात सुटला आणि आई दिसेना. माझी छाती धडधडायला लागली. अर्ध्या तासानं ती राजवाड्याजवळच्या एसटी स्टँडवर सापडली. पूर्वी ती तिथूनच गाडीत बसायची. तेव्हा माणूस हरवलं तर आधी जवळपास पाहा, मग त्याच्या जुन्या ठिकाणी पाहा. पण फार वेळ शोधत बसू नका. 112 या नंबरावर फोन करा, पोलिसांना सांगा. निघताना मोबाईलवर रोज एक फोटो काढा, म्हणजे आज अंगावर कोणतं लुगडं आहे ते दाखवता येतं.

आई मध्येच चौकात बसून राहिली, "घरी चल" म्हणून हटून बसली, तर ओढू नका. बाजूला सावलीत न्या. पाणी द्या. तिच्या माहेरची एखादी गोष्ट काढा. थोड्या वेळानं ती आपणहून उठते. नाही उठली, तर बाजार राहू द्या. मेथी उद्याही मिळते.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. काल बरा असलेला माणूस आज एकाएकी बरळू लागला, कुणाला ओळखेना, तर तो ताप, लघवीचा जंतुदोष, अंगातलं पाणी कमी होणं किंवा साखर उतरणं असू शकतं. तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर तो लकवा असू शकतो. तिथं घरी वाट पाहायची नाही. लगेच दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेचा नंबर 108.

आता तुमचं काम. तुम्ही अक्षरं शिकलात ना? मग पाटी बाजूला ठेवा आणि जाड कागद घ्या. मी आईच्या कमरेच्या पिशवीत जी चिठ्ठी ठेवतो, तशी तुमच्या घरच्या माणसासाठी स्वतःच्या हातानं लिहा. अक्षर मोठं काढा. नंबर दोनदा तपासा. शेजाऱ्याला वाचायला द्या. त्याला अडखळायला झालं, तर पुन्हा लिहा. दागिने किंवा पैसे कुठं आहेत, हे त्यात लिहू नका.

"माझ्या आईला विसरण्याचा आजार आहे. ती वाट चुकली असेल. तिच्यावर रागावू नका. तिला सावलीत बसवा आणि पाणी द्या. मला या नंबरावर फोन करा. मी येईपर्यंत तिच्याजवळ थांबा.
तिचं नाव –
गाव आणि तालुका –
माझं नाव –
फोन –"